बुलिमिया, बुलीमिया की ब्युलेमिया? आणि त्याला 'भस्म्या' म्हणावं का?

अनगोळची_मास्तरीण | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण दोन दिवस डोक्यातून जाईना.

आमच्या कॉलेजात मुलींच्या कॉमन रूममध्ये लावायला तीन भाषांतलं एक पोस्टर करायचं ठरलंय. विषय खाण्यापिण्याशी जोडलेले मानसिक आजार. इंग्रजी मजकूर तयार होता, कन्नड एका सहकारी मॅडमनी केला, मराठी माझ्या गळ्यात पडला. शनिवारी प्रेसमधून प्रूफ आलं. मी दिलेल्या 'बुलिमिया'चं वर 'बुलीमिया' झालंय आणि खाली 'ब्युलेमिया'. 'ॲनोरेक्सिया'च्या सुरुवातीला नुसता चौकोन, पुढं 'नोरेक्झिया'. हे दुरुस्त करता येईल. पण प्रूफ वाचणाऱ्या कुणीतरी मदत म्हणून बुलिमियासमोर लाल पेनानं रेघ ओढून लिहिलंय, 'म्हणजे भस्म्या रोग'.

वाचून मी हसलो. (आमच्यात बायकासुद्धा 'हसलो'च म्हणतात, पुणेकरांनी दुरुस्ती सुचवू नये.) मग वाटलं, हे पोस्टर जिच्यासाठी आहे ती हे वाचून हसेल का?

तर सांगा. शुद्ध काय लिहू? मूळ शब्दाचा अर्थ काय, आला कुठून? आणि भस्म्या चालेल का? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

खिळेजुळारी | सोमवार, रात्री ९:४०

प्रेसवाल्याच्या बाजूनं दोन शब्द बोलतो, कारण खडेबाजारात एकवीस वर्षं मी तेच केलं.

चौकोन आला तो टाइप करणाऱ्याचा दोष नव्हे. 'अ'वर चंद्र दिलेलं एकसंध अक्षर युनिकोडमध्ये बऱ्याच उशिरा आलं. जुन्या फाँटात त्याला घरच नाही, मग तिथं रिकामा डबा दिसतो. प्रेसला फाँट बदलायला सांगा, नाहीतर पीडीएफ तुम्हीच करून द्या. आणि 'एनोरेक्सिया' लिहून सुटका करून घेऊ नका, ती हिंदीची सवय.

'क्झ' मात्र चूक, ती सोडू नये. इंग्रजी एक्सचे दोन उच्चार आहेत. 'एक्झाम'मध्ये क्झ, 'बॉक्स'मध्ये क्स. या आजाराच्या नावात बॉक्सवाला आहे. म्हणून ॲनोरेक्सिया.

भस्म्याचं मला ठाऊक नाही. आमच्या आजीनं मला रोज म्हटलंय, मी काय मेलो नाही.

पुण्यातला_बेळगावकर | सोमवार, रात्री ९:४४

आधी पोस्टरच्या तळाला बेळगाव लिहिणार की बेळगावी ते ठरवा, मग बुलिमियाकडं वळा.

संपादक | सोमवार, रात्री ९:५१

त्या विषयाचे अकरा धागे आहेत आणि अकराही कुलूपबंद आहेत. बारावा इथं काढू नये.

गुरुजी_निपाणी | सोमवार, रात्री १०:२०

मास्तरीणबाई, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, हे तुम्ही मुलांना शिकवत असालच. किडा, विळा, महिना. त्या न्यायानं शेवटी 'या' असल्यावर 'मि' ऱ्हस्व. 'लि'चा प्रश्न त्या नियमात बसत नाही, कारण तो आणखी एक घर मागं आहे. तिथं रुळलेलं तेच शुद्ध.

अर्थाचं सांगतो. शब्द ग्रीक, 'बूलिमिया'. 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक, उपासमार. बैलाची भूक! गंमत म्हणजे हा 'बूस' आपल्याला परका नाही. संस्कृत 'गो', लॅटिन 'बोस', इंग्रजी 'काउ' आणि हा ग्रीक 'बूस' ही एकाच दावणीची जनावरं. मूळच्या उच्चाराचा आपल्याकडं ग झाला, ग्रीकांकडं ब झाला. म्हणजे शब्दाच्या पोटात आपली गायच बसली आहे.

तेव्हा इतका लांबून शब्द आणण्यापेक्षा भस्म्या काय वाईट? आयुर्वेदात भस्मक आहे. खाल्लेलं सगळं भस्म होतं, कितीही घातलं तरी पोट मागतच राहतं. आपल्या भाषेत शब्द असताना उसनवारी कशाला?

ऊटा_आत्रि | सोमवार, रात्री १०:३८

मी गोकाकचा, घरी कन्नड, शाळा मराठी. दोन्हीकडून बोलू शकतो.

गुरुजींच्या बैलावरून आठवलं. कन्नडमध्ये भूक म्हणजे 'हसिवु' आणि गाय म्हणजे 'हसु'. (आमच्या भागात गायीला 'आकळ' म्हणतात, 'हसु' दक्षिणेकडचं.) व्युत्पत्तीचा काही संबंध असेल असा माझा दावा नाही, पण ग्रीकांनी गुरं आणि भूक एका दाव्याला बांधली हे ऐकून बरं वाटलं.

कन्नड मजकुरात मॅडमनी 'होट्टेबाक' तर लिहिलं नाही ना, ते बघून घ्या. अर्थ सरळ खादाड. तुमच्या भस्म्याचा तो चुलतभाऊ.

अनगोळची_मास्तरीण | सोमवार, रात्री १०:४५

बघितलं. त्यांनी कन्नड लिपीत 'बुलिमिया'च ठेवलंय. शहाण्या आहेत.

गोळीवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

चिकोडीत बत्तीस वर्षं दवाखाना चालवला, आता नातवंडं चालवतो. गुरुजींना नमस्कार करून विरोध नोंदवतो.

भस्मकाचं वर्णन नीट वाचलं तर तो अग्नीचा आजार आहे. चरकानं 'अत्यग्नि' म्हटलंय. पित्त भडकतं, अन्न जळतं, अन्न नाही मिळालं तर शरीरातले धातूच जळायला लागतात, माणूस वाळत जातो. असा रुग्ण आज आला तर मी आधी थायरॉइड आणि साखर तपासीन. बुलिमियात अग्नी बिघडलेला नसतो हो. बिघडलेलं असतं ते माणसाचं स्वतःच्या शरीराशी असलेलं नातं.

त्यात होतं असं. थोड्या वेळात, एकटं असताना, हातावर ताबा न राहता खूप खाल्लं जातं. भूक लागलेली असतेच असं नाही. त्यानंतर लाज आणि वजन वाढायची भीती. मग ते भरून काढायची धडपड, म्हणजे उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास, नाहीतर दमछाक होईपर्यंत व्यायाम. हे चक्र आठवड्यामागून आठवडे फिरत राहतं. वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरात कळत नाही. आतून मात्र दातांचं कवच झिजतं, गालाखालच्या लाळग्रंथी सुजतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, आणि ते घसरलं की हृदयाची लय बिघडते. याला 'भस्म्या' म्हटलं की नातेवाईक म्हणणार, कमी खा, झालं. नेमका चुकीचा सल्ला, कारण उपाशी राहणं हेच पुढच्या झटक्याचं इंधन.

आता शब्दाची दुसरी बाजू. बैलाची भूक हा शब्द हजारो वर्षांचा, पण आजाराचं आजचं नाव माझ्या डॉक्टरकीपेक्षा फार म्हातारं नाही. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञानं तीस रुग्णांवरून एक लेख लिहिला आणि 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिलं. ॲनोरेक्सियाचाच एक अशुभ प्रकार, असं त्यानं शीर्षकातच म्हटलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत नुसतं 'बुलिमिया' आलं आणि १९८७ च्या आवृत्तीत 'नर्व्होसा' जोडलं गेलं. आम्ही शिकत होतो तेव्हा पाठ्यपुस्तकात हे नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते १९९५ साली, इंग्लंडची डायाना टीव्हीवरच्या मुलाखतीत स्वतःबद्दल बोलली तेव्हा. दवाखान्यात ज्या पोरी 'पित्ताच्या उलट्या' घेऊन यायच्या, त्यांतल्या किती जणींना मी नुसतं पित्तशामक देऊन परत पाठवलं असेल, हा हिशेब आता करत नाही.

पुण्यातला_बेळगावकर | मंगळवार, सकाळी ७:३०

आणि ते हल्ली ऑफिसात चालतं ते काय? बिनगूळ, बिनगहू, बिनदूध, डबा उघडून पाव तास लेबल वाचायचं, कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही.

गोळीवाला | मंगळवार, सकाळी ७:४१

त्याला 'ऑर्थोरेक्सिया' नाव आहे. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरानं १९९७ साली घडवलं. 'ऑर्थो' म्हणजे योग्य, सरळ. योग्य खाण्याचा ध्यास इतका की माणूस त्यातच अडकतो. अधिकृत यादीत अजून स्वतंत्र आजार म्हणून नाही. सोवळ्यातला स्वयंपाक बघितलेल्या आपल्या पिढीला तो फार नवा वाटू नये.

वाचनालयातला_पंखा | मंगळवार, दुपारी १:१५

उन्हात कुठं जाता येत नाही, म्हणून वाचनालयात बसून लिहितोय. बैलाची भूक यावर गुरुजी दोन ओळींत थांबले. मला थांबवत नाही.

ग्रीकांच्या 'बूलिमिया'चा अर्थ खा-खा असा नव्हताच. इसवी सनापूर्वी ४०१ च्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी साम्राज्यातून घरी परत निघाले होते. आर्मेनियाच्या बर्फात माणसं चालता चालता पडायला लागली. त्यांचा एक सेनानी झेनोफन, त्याला हा काय रोग ते कळेना. कुणा अनुभवी माणसानं सांगितलं, यांना बूलिमिया झालाय, काहीतरी खायला द्या, उठतील. त्यानं सामानाच्या जनावरांवरचं जे मिळालं ते वाटलं. खाल्ल्याबरोबर माणसं उठून चालू लागली. म्हणजे भुकेची भोवळ. आपली आई एकादशीच्या संध्याकाळी भिंत धरते ती.

प्लुटार्क या ग्रीक लेखकानं पुढं सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची हकीकत दिली आहे. तोसुद्धा बर्फातून कूच करताना याच भुकेनं आडवा झाला, आणि त्याला भाकरी दिली ती शत्रूच्या पहारेकऱ्यांनी.

याच प्लुटार्कच्या गावात, खैरोनियात, एक विधी होता. 'बूलिमोस'ला हाकलायचं. एका गुलामाला एका झुडपाच्या फोकांनी मारत दाराबाहेर काढायचं आणि म्हणायचं, बूलिमोस बाहेर, धन आणि आरोग्य आत. प्लुटार्क गावचा अधिकारी असताना त्यानं स्वतः हे केलं. ते झुडूप म्हणजे आपल्या निरगुडीचं सख्खं भावंड, एकाच वंशातलं. वाचताना अंगावर काटा आला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमची आजी सूप वाजवत, केरसुणीनं उंबऱ्यापर्यंत झाडत जायची, अलक्ष्मीला बाहेर काढायला. दुसऱ्या दिवशी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो'. माणसाला मारायचं सोडलं तर फरक काय?

आणि खरी मजा पुढं. विधीनंतर जेवायला बसल्यावर प्लुटार्कच्या पंगतीत याच शब्दावर वाद झाला. कुणी म्हणे हा बैल नव्हेच, आमच्या बोलीत 'पूलिमोस' म्हणतात, तो 'पोली' म्हणजे पुष्कळ, पुष्कळ भूक. बू की पू! १९०० वर्षांपूर्वी जेवणाच्या पानावर हाच धागा चालला होता, मास्तरीणबाई. तुमचं प्रूफ तेव्हापासून दुरुस्तीला पडलंय.

जाता जाता. 'लिमोस'मधला इकार ग्रीकात दीर्घ आहे. म्हणजे तुमच्या प्रेसवाल्याचं 'बुलीमिया' मुळाशी प्रामाणिक निघालं की!

खिळेजुळारी | मंगळवार, दुपारी १:२२

बघा. मी म्हणतच होतो, प्रेसवाला कधी चुकत नाही.

गुरुजी_निपाणी | मंगळवार, दुपारी ४:०५

पंखेराव, माहिती उत्तम. पण आपण शब्द ग्रीकांकडून घेतला नाही, इंग्रजांकडून घेतला. वाटेत लॅटिननं लेखनात 'ou'चा नुसता 'u' केला. फ्रेंचांनी 'ou' सांभाळला, इंग्रजांनी नाही. इंग्रज तर 'बु' म्हणतात नाहीतर 'ब्यु', दोन्ही त्यांच्या कोशांत आहेत. मुळाशी जायचं तर 'बूलीमिआ' लिहावं लागेल आणि एकही मुलगी ते वाचणार नाही. 'ले' मात्र कुठंच नाही, ना ग्रीकात ना इंग्रजीत. 'ब्युलेमिया' फेकून द्या.

भस्म्याबद्दल डॉक्टरांचं म्हणणं अर्धं पटलं. तरी विचारतो, बैलाची भूक हे नाव तरी कुठं सभ्य आहे?

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ११:५०

इथं पाच वर्षं नुसती वाचते. आज लिहिते. नाव विचारू नका.

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. घरी भात. मी बारावीनंतर बेळगावात खोली घेऊन राहिले. पहिल्या सुट्टीत घरी गेले तर दारातच काकू म्हणाली, 'किती सुटलीस ग.' आपल्याकडं हे पाणी देण्याआधी म्हणतात. मी हसले. त्या आठवड्यापासून सोमवार धरला. मग चतुर्थी. मग गुरुवार. मग शनिवार. आठवड्याला तीन-चार दिवस उपास आणि घरात कौतुक, पोरगी देवभोळी आहे म्हणून. ज्या घरात न जेवलेल्या माणसाला चार वेळा विचारतात, तिथं देवाचं नाव घेतलं की एकही प्रश्न येत नाही.

दिवाळीला बाबांनी बेळगावातनं कुंद्याचा, म्हणजे दुधाच्या मिठाईचा, डबा आणला. अर्धा किलोचा. रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. डब्याचं झाकण पत्र्याचं, उघडताना टक् वाजतं, म्हणून पदर वर धरून उघडलं. एक घास घेणार होते. उभ्यानंच खाल्लं, बोटांनी, चव कळत नव्हती. डबा खरवडला तेव्हा थांबले. पुढचं सांगत नाही, डॉक्टरांनी लिहिलंय तेच. सकाळी आईनं रिकामा डबा बघितला आणि भावाला दोन धपाटे घातले. मी बघत होते. तो आजही म्हणतो, तेव्हा मी खाल्लंच नव्हतं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग एका लग्नात मी तिसऱ्यांदा जिलेबी घेताना मामी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, 'हिला भस्म्या झालाय की काय!' सगळे हसले, मीपण. घरी येऊन मनात तेच. आपल्याला भस्म्या आहे, म्हणजे आपण हावरट आहोत, म्हणजे यावर औषध नाही, लाज धरायची एवढंच.

कळलं कुठं तर दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं. वरच्या दातांची मागची बाजू बघून त्यांनी हातमोजे काढले, मदतनीस मुलीला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि हळू विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला 'किती खातेस' असं न विचारता 'त्रास कधीपासून आहे' असं विचारलं. त्यांनी धारवाडला, मनोरुग्णालयात पाठवलं. बाबा घाबरले. आपल्याकडं 'धारवाडला न्यायला पाहिजे' कुणाबद्दल म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. पण आले बरोबर.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहिला. परतीच्या एसटीत कित्तूर येईपर्यंत मी तो वाचत होते. नीट उच्चारता येत नव्हता. पण त्या शब्दानं मला कुणी कधी हाक मारली नव्हती. पंगतीत कुणी तो ओरडलं नव्हतं. परका होता, म्हणून स्वच्छ होता. गुरुजी, बैलाची भूक हा त्याचा अर्थ मला आज कळला. तेव्हा कळला असता तर कदाचित तो कागद खिडकीतून टाकला असता.

आता बरी आहे. सहा वर्षं झाली. कुंदा खाते, ताटलीत घेऊन, बसून.

ऊटा_आत्रि | बुधवार, सकाळी ६:१०

ताई, वाचलं. आमच्याकडं भेटल्या भेटल्या 'ऊटा आत्रि?', म्हणजे जेवण झालं का, असं विचारायची पद्धत, मी तर नावच तेच घेतलंय. आज पहिल्यांदा जरा जपून विचारावं असं वाटलं.

गुरुजी_निपाणी | बुधवार, सकाळी ९:३०

बाळ, भस्म्या मागे घेतो.

शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून ॲनोरेक्सियाचं मात्र सांगतो, कारण तिथं आपली भाषा खरोखर उपयोगी पडेल असं वाटतं. त्यातलं सुरुवातीचं 'अन्' म्हणजे आपलंच नकाराचं 'अन्', अनिच्छा, अनादर यांतलं. 'ओरेक्सिस' म्हणजे इच्छा, एखाद्या गोष्टीकडं हात पुढं करणं. त्याच धातूचं आपल्याकडचं नातं 'ऋजु'शी सांगतात. आता आपण आजाऱ्याबद्दल काय म्हणतो? 'अन्नावर वासना नाही.' भूक नाही असं नव्हे, वासना नाही. ग्रीक शब्दाचं याहून नेमकं मराठी मला सुचत नाही, आणि ते कुणा समितीनं केलेलं नाही, आपल्या आयाबाया रोज बोलतात. आयुर्वेदात अरोचक आहे, त्याच्या कारणांत शोक, भय, क्रोधही सांगितलेत. 'भक्तद्वेष' असाही शब्द आहे, अन्न नुसतं आठवलं तरी नको वाटणं. त्यातला 'भक्त' म्हणजे भात, भात हा शब्द त्यातूनच आला. देवळातल्या भक्तांशी त्याचं वैर नाही.

गोळीवाला | बुधवार, सकाळी १०:१५

गुरुजी, वासना सुंदर आहे. पण एक अडचण.

ते नाव विल्यम गलचं, व्हिक्टोरिया राणीचा डॉक्टर. आधी १८६८ साली त्यानं 'अपेप्सिया हिस्टेरिका' म्हटलं होतं, म्हणजे पचनाचा दोष. मग त्याच्या लक्षात आलं, या मुलींना खाल्लेलं पचतं, प्रश्न पोटाचा नाही. म्हणून १८७३ मध्ये 'ॲनोरेक्सिया'. त्याच वर्षी पॅरिसला लासेगनं 'हिस्टेरिकल ॲनोरेक्सिया'वर लिहिलं. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. गल म्हणाला, हा आजार पुरुषांतही दिसतो, म्हणून 'नर्व्होसा' बरा. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसानं नाव ठेवताना एवढा विचार केला याचं मला कौतुक आहे.

तरी नाव चुकलंच. या आजारात वासना जात नाही. भूक लागते, भयंकर लागते, आणि वजन वाढायच्या भीतीनं माणूस ती दाबून ठेवतो. दिवसभर डोक्यात अन्नच असतं, काही मुली घरादाराला रांधून वाढतात आणि स्वतः जेवत नाहीत. तापातल्या माणसाची अन्नावरची वासना जाते, तो नुसता ॲनोरेक्सिया, एक लक्षण. पोस्टरवरचा ॲनोरेक्सिया नर्व्होसा वेगळा. खाली 'वासना नाही' लिहिलंत तर आई म्हणेल, माझ्या पोरीला तर भूक लागते, म्हणजे हा आजार नव्हे.

गुरुजी_निपाणी | बुधवार, सकाळी १०:४०

म्हणजे एकाच्या नावात भूक आहे आणि आजार भुकेचा नाही. दुसऱ्याच्या नावात भूक नाही आणि आजारात ती आहे. ग्रीकांनी दोन्हीकडं फसवलं.

वाचनालयातला_पंखा | बुधवार, दुपारी १२:५५

ग्रीकांनी नव्हे, त्यांच्या शब्दांना नंतर कामाला जुंपणाऱ्यांनी. बैल बिचारा बर्फातून भाकरी शोधत होता.

आणि एक राहिलं. मोठ्या भुकेला जनावर जोडायची खोड सगळ्यांना. फ्रेंच लोक लांडग्याची भूक म्हणतात. आपण काय वेगळे? भीमाचं नाव वृकोदर, वृक म्हणजे लांडगा. बैल मात्र मराठीत खाण्यासाठी बदनाम नाही. तो राबतो. खातो तो रेडा, आणि बकासुराच्या गाड्याचेसुद्धा रेडेच होते.

पुण्यातला_बेळगावकर | बुधवार, दुपारी १:०२

भीमाला कुणी भस्म्या म्हटलं नाही, जिलेबी घेणाऱ्या पोरीला म्हटलं. एवढंच बोलून गप्प बसतो.

अनगोळची_मास्तरीण | गुरुवार, रात्री ८:२०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मलप्रभाकाठ, तुझं तीनदा.

असं ठरवलंय. नावं जशीच्या तशी, 'बुलिमिया' आणि 'ॲनोरेक्सिया', लि-मि ऱ्हस्व, क्स. कंसात मराठी प्रतिशब्द नाही. 'बुलिमिक मुलगी' वगैरे तर नाहीच, आजार मुलीला होतो, मुलगी म्हणजे आजार नव्हे. व्युत्पत्ती पोस्टरवर घेत नाही, बैल इथंच राहू दे. प्रत्येक नावाखाली बोलीतल्या दोन ओळी. बुलिमियाखाली सध्या हे लिहिलंय:

'एकटं असताना हात थांबत नाही, मग लाज वाटते, मग ते भरून काढायला उपास किंवा उलटी. हा हावरटपणा नाही. हा आजार आहे आणि बरा होतो.'

ॲनोरेक्सियाखाली:

'भूक लागते, पण खायची भीती वाटते. आरशात दिसतं ते खरं नसतं.'

तळाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. आणि धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं नाव. 'धारवाड' शब्दानं कुणी दचकेल का, असा विचार केला, पण लपवलं तर दचकणं वाढेल.

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ९:०५

'उपास किंवा उलटी' यातलं 'उलटी' काढता येईल का? मी पहिल्यांदा ती युक्ती अशाच एका माहितीपत्रकात वाचली होती. 'उपास' राहू दे. उपासाला आपल्याकडं कुणी आजार म्हणत नाही, तिथंच नजर जाऊ दे.

गोळीवाला | गुरुवार, रात्री ९:१८

बरोबर आहे. मला सुचायला हवं होतं.

अनगोळची_मास्तरीण | गुरुवार, रात्री ९:२०

काढलं. 'मग ते भरून काढायला दिवस दिवस उपाशी' असं केलं.

खिळेजुळारी | गुरुवार, रात्री ९:३५

शेवटचं प्रूफ हातात घेऊन वाचा, मोबाइलवर नको. ऱ्हस्व-दीर्घ मोबाइलवर सगळे सारखेच दिसतात.

अनगोळची_मास्तरीण | शुक्रवार, सायंकाळी ६:४५

हातात घेऊन वाचलं. बुलिमिया बरोबर, ॲनोरेक्सियाच्या डोक्यावर चंद्र आहे, लाल पेन गेलं. प्रेसवाल्यानं छापायच्या आधी एकच शंका काढली. तळाच्या पत्त्यात गावाचं नाव मराठीत काय टाकू, बेळगाव की बेळगावी?

मी म्हणालो, नुसता पिनकोड टाका. ५९०००६.

संपादक | शुक्रवार, सायंकाळी ६:५०

आभारी आहे.